सायकल ट्रेनने नेताय? पावतीवरचा एक रकाना रिकामा सोडू नका

हा आपल्या ताज्या भागाचा लेखी मजकूर. लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू येत नाही, ज्यांचा डेटा संपलाय, किंवा पार्सल ऑफिसच्या खिडकीसमोर उभं राहून ज्यांना पटकन एखादा मुद्दा शोधायचाय, त्यांच्यासाठी. बोलताना मी शंभर वेळा ‘म्हणजे बघा’ म्हणतो, ते कापलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

मागच्या महिन्यात बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला: ‘राइड एका बाजूने करायची आणि परत येताना सायकल ट्रेनमध्ये टाकायची, तर नियम काय? आणि काही झालं तर पैसे कोण देणार?’ प्रश्न साधा वाटतो. उत्तराचा पहिला भाग पाच मिनिटांत संपतो, पण दुसऱ्या भागात मी स्वतः पोळलोय. म्हणून आज जरा सविस्तर.

आधी माझी गोष्ट

माझी सायकल ३८ हजारांची. नोकरी लागल्यावर हप्त्याने घेतलेली पहिली मोठी वस्तू. एका लांबच्या राइडवरून परतताना ती ट्रेनने आणायची ठरवली. कुठून निघालो, कुठे उतरलो हे मुद्दामच सांगत नाही, कारण मला कुणाकडे बोट दाखवायचं नाहीये. झालेल्या तिन्ही चुका माझ्याच आहेत.

पहिली चूक पॅकिंगची. पुढचं चाक काढलं, एक चादर गुंडाळली, वरून सुतळी बांधली आणि झालं असं समजलो. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा तो नाजूक हात, तसाच बाहेर लटकत होता.

दुसरी चूक खिडकीवर. क्लार्कने विचारलं, ‘किंमत टाकायची आहे का? त्याचा चार्ज वेगळा लागेल.’ मी म्हटलं, ‘नको साहेब, राहू द्या.’ वाटलं, कशाला उगाच जादा पैसे. आजचा सगळा भाग खरं तर या एका वाक्याबद्दल आहे.

तिसरी चूक उतरल्यावर. रात्रीचा प्रवास झालेला, डोळे चुरचुरत होते. गाठोडं घेतलं, रजिस्टरवर सही ठोकली आणि रिक्षा शोधायला निघालो. सुतळी घरी सोडली तेव्हा दिसलं: डिरेलर आत वाकलेला, तो ज्यावर बसतो तो हँगर मोडलेला, मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटलेले. आमच्या चौकातले सायकलवाले काका चाक फिरवून म्हणाले, ‘बाळा, हिला गोणीसारखी बांधून आणलीस काय?’ खर्च आला सहा हजार आठशे.

ते नुकसान चढवताना झालं, उतरवताना झालं, की माझ्याच बांधणीमुळे शेजारच्या पेटीवर रेलून झालं, मला आजही माहीत नाही. पण मग मी कायदा वाचायला घेतला आणि कळलं की सगळं सिद्ध करता आलं असतं, तरी हातात फार तर दीड हजार पडले असते. का, ते पुढे सांगतो.

सोबत न्यायची की बुक करायची?

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये टपरीवर चहा घेताना हा वाद हमखास पेटतो. एक गट म्हणतो, ‘अरे, बुकिंगच्या भानगडीत पडूच नको. चाकं काढ, बॅगेत भर, सीटखाली सरकव. सायकल डोळ्यासमोर राहते.’ दुसरा गट म्हणतो, ‘टीसीने पकडलं की कळेल.’

नियम काय सांगतो ते बघू. डब्यात सोबत नेण्याच्या ट्रंका, सुटकेसी, खोकी यांच्यासाठी रेल्वेची मर्यादा आहे १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, २५ उंच. एसी थ्री टायर आणि एसी चेअर कारमध्ये ती आणखी लहान, ५५ बाय ४५ बाय साडेबावीस. यातलं एकही माप ओलांडलं, तर ती वस्तू बुक करून ब्रेक व्हॅनमध्ये टाकायची असं अपेक्षित आहे.

आता तुमच्या सायकलची फ्रेम मोजा. दोन्ही चाकं काढली तरी मोठ्या माणसाच्या सायकलची बॅग १०० सेंटिमीटरमध्ये सहसा बसत नाही. फोल्डिंगवाले हसत असतील, तर त्यांनाही सांगतो: ब्राँप्टनसारखी घडीसाठी नावाजलेली ब्रिटिश सायकलसुद्धा दुमडल्यावर २७ सेंटिमीटर जाड असते. म्हणजे टेप लावली तर दोन सेंटिमीटर जास्तच! प्रत्यक्षात घडीची सायकल पिशवीत असली तर सहसा कुणी टेप काढत नाही. पण ‘कुणी विचारत नाही’ आणि ‘चालतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अजून एक. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं, म्हणून १५ किलोची सायकल त्यात धरायची असं बरेच जण समजतात. ते तसं नाही. सायकल, स्कूटर यांना ही फुकट सवलत लागू होत नाही. आणि बुक न केलेलं जादा सामान पकडलं गेलं, तर नेहमीच्या लगेज दराच्या सहापट आकारणी होऊ शकते.

पण माझ्या मते दंडापेक्षा मोठा मुद्दा जबाबदारीचा आहे. रेल्वे अधिनियम १९८९ मधलं कलम १०० असं सांगतं: रेल्वेच्या कर्मचाऱ्याने सामान बुक करून पावती दिली असेल तरच रेल्वे त्या सामानाला जबाबदार. तुम्ही स्वतःजवळ ठेवलेलं सामान गेलं, तर रेल्वेचा किंवा तिच्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो. हे कठीण असतं. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण होतं, प्रवासात कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये चोरीला गेल्याचं. न्यायालय म्हणालं, प्रवाशाला स्वतःची वस्तू सांभाळता आली नाही, तर ती रेल्वेच्या सेवेतली त्रुटी ठरत नाही. दुसरीकडे, आरक्षित डब्यातल्या चोरीसाठी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने प्रवाशांना भरपाई दिल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणजे दार पूर्ण बंद नाही, पण पुराव्याचं ओझं तुमच्या खांद्यावर.

तर ‘डोळ्यासमोर राहते’ हा फायदा खरा आहे. फक्त तेवढ्या वेळ तिचे रखवालदार तुम्हीच, आणि रात्री दोन वाजता रखवालदाराला झोप लागते.

लगेज वेगळं, पार्सल वेगळं

बुक करायचं ठरलं, तर खिडकीवर पहिला प्रश्न येतो: लगेज की पार्सल? आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. रेल्वे तसं करत नाही.

लगेज म्हणजे तुम्ही त्याच गाडीने प्रवास करताय, तुमचं तिकीट दाखवलंय आणि सायकल त्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमधून येणार. पार्सल म्हणजे सायकल एकटी प्रवास करणार. तुमचं तिकीट असायची गरज नाही, आणि ती तुमच्याच गाडीने येईल याची हमीही नाही. गाडीच्या पुढच्या-मागच्या टोकाला अर्धा प्रवाशांचा, अर्धा सामानाचा असा डबा असतो, तो एसएलआर. सायकल जाते तिथे.

इथे अडचण जागेची येते. बऱ्याच गाड्यांमध्ये एसएलआरचा काही भाग खासगी माल वाहतूकदारांना भाडेपट्ट्याने दिलेला असतो. वंदे भारतसारख्या गाड्यांना तर असा सामानाचा डबाच नाही. लहान स्टेशनावर गाडी दोनच मिनिटं थांबत असेल, तर सायकल चढवायला-उतरवायला वेळ मिळेल का, हे आधी विचारा. तिकीट काढण्याआधी विचारा, तिकीट हातात आल्यावर नाही. आमच्यातले दोघं सायकल घेऊन एका रात्रीसाठी लॉजवर राहिलेत, कारण त्यांनी हा क्रम उलटा केला.

नियमाप्रमाणे लगेज गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी ऑफिसात हजर करायचं असतं. माझा सल्ला, दोन तास हातात ठेवा. तिकिटाची आणि ओळखपत्राची झेरॉक्स जवळ असू द्या. सायकलवर नाव, मोबाइल नंबर, कुठून कुठे हे मार्करने लिहा. एक पुठ्ठा वर, एक आत, कारण वरचा निघून जातो.

किलोला शंभर रुपये

आता येऊ त्या दीड हजारावर. नीट ऐका, म्हणजे नीट वाचा.

त्याच अधिनियमाचं कलम १०३ सांगतं की तुम्ही मालाची किंमत जाहीर केली नसेल, तर रेल्वेची जबाबदारी वजनाच्या हिशोबाने मर्यादित राहते. किती, ते १९९० च्या नियमांत ठरलंय: लगेजसाठी किलोला १०० रुपये, इतर मालासाठी किलोला ५० रुपये. सायकल १५ किलोची धरा. लगेज असेल तर जास्तीत जास्त १५०० रुपये, पार्सल असेल तर ७५०. ती सायकल चार हजारांची असो की चार लाखांची, रेल्वेच्या हिशोबात दोन्ही सारख्याच.

उलट गंमत अशी की सायकल जेवढी महाग तेवढी हलकी. कार्बन फ्रेमची आठ किलोची सायकल घ्यायला लाख-दोन लाख मोजलेत? तिच्यासाठी ८०० रुपये. दूधवाल्याची लोखंडी २२ किलोची सायकल? तिच्यासाठी २२०० रुपये. त्याच नियमांत जनावरांसाठीही आकडे आहेत, हत्तीसाठी ६०००, घोड्यासाठी ३०००, कुत्र्यासाठी १२०. त्यामुळे सायकलवाल्यांनी एकट्यानेच वाईट वाटून घेऊ नये.

पण, आणि हा मोठा ‘पण’ आहे, त्याच कलमात वाटही दिली आहे. सामान सोपवताना तुम्ही त्याची किंमत जाहीर करायची आणि वजनाच्या मर्यादेवर जी रक्कम जाते तिच्यावर शेकडा दराने शुल्क भरायचं. माझ्या बाबतीत ३८ हजारांतून १५०० वजा, म्हणजे साडेछत्तीस हजारांवर शुल्क. मग रेल्वेची कमाल जबाबदारी त्या जाहीर किमतीपर्यंत वाढते. दर काय आहे ते खिडकीवर विचारा आणि तेव्हाच ठरवा. क्लार्क मला नेमकं हेच विचारत होता, ‘किंमत टाकायची आहे का?’ त्याने त्याचं काम केलं होतं. मला प्रश्नच कळला नव्हता.

जाहीर किंमत म्हणजे हमखास मिळणारी रक्कम, असं मात्र समजू नका. ती वरची मर्यादा. नुकसान सहा हजारांचं असेल तर दावा सहा हजारांचा. आणि पॅकिंगच सदोष होतं असं निघालं, तर रेल्वे जबाबदारी नाकारू शकते. म्हणून किंमत टाकणं आणि नीट बांधणं, दोन्ही जोडीने करायच्या गोष्टी आहेत.

बांधायचं कसं? सायकलच्या दुकानातून नव्या सायकलीचा रिकामा खोका मागा, बहुतेक जण आनंदाने देतात. पेडल काढा, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर जोर लावून पाना वाकेल. डिरेलर हँगरसकट सोडवून फ्रेमच्या आत, फोममध्ये बांधा. पुढच्या फोर्कच्या दोन पायांमध्ये लाकडाचा तुकडा किंवा दुकानात मिळणारा प्लास्टिकचा आधार घाला, म्हणजे तो चेपत नाही. आणि बांधण्याआधी, बांधताना, बांधून झाल्यावर फोटो. फ्रेम नंबरचाही फोटो काढा. तो बहुतेक सायकलींवर पेडलच्या मधल्या भागाखाली कोरलेला असतो.

मग विमा कशाला?

इथे एक श्रोता विचारतो, ‘दादा, रेल्वेकडे किंमत टाकली की झालं ना, वेगळा विमा कशाला?’

रेल्वेची जबाबदारी सामान सोपवल्यापासून सुरू होते आणि सामान पोचल्यावर काही काळाने संपते. कलम ९९ प्रमाणे पोचल्यानंतर सात दिवस रेल्वे ते सांभाळण्याला जबाबदार, त्यानंतर नाही. घरापासून स्टेशनपर्यंत, लॉजच्या पॅसेजमध्ये, धाब्यावर जेवताना बाहेर उभी असलेली सायकल, यातलं काहीच त्यात येत नाही. ते काम विम्याचं.

आता सायकलच्या विम्याबद्दल चार गैरसमज आधी मोडू.

पहिला: ‘गाडीसारखा सायकललाही विमा सक्तीचा.’ नाही. थर्ड पार्टी विम्याची सक्ती मोटार वाहनांना आहे. साधी सायकल त्यात येत नाही.

दुसरा: ‘घराचा विमा आहे, त्यात सायकल आलीच.’ थांबा. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सगळीकडे मिळते. ती आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. चोरी त्यात येते ती अशा संकटामुळे आणि त्यानंतरच्या सात दिवसांत झालेली. जिन्याखालून एरवी कुणी सायकल पळवली, तर ती त्यात बसत नाही. त्यासाठी घरफोडीचं वेगळं संरक्षण लागतं, आणि तेही सहसा घरातल्या वस्तूंना, ट्रेनमधल्या नव्हे.

तिसरा: ‘तिकीट काढताना ४५ पैसे भरले, म्हणजे सामानाचा विमा झाला.’ आयआरसीटीसीवर तिकिटासोबत मिळणारा तो विमा माणसाचा आहे. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत, रुग्णालयाच्या खर्चाला २ लाखांपर्यंत. सायकलला त्यात शून्य. तरीही तो घ्या, चहाच्या घोटापेक्षा स्वस्त आहे. फक्त नंतर मेसेजमध्ये येणाऱ्या लिंकवर वारसाचं नाव भरा. माझ्या ग्रुपमध्ये विचारलं, तर एकानेही भरलं नव्हतं. मीही नव्हतं.

चौथा: ‘सायकलचा विमा काढला म्हणजे सगळं कव्हर.’ सायकलसाठी खास पॉलिसी आपल्याकडे मिळतात, पण पॉलिसी घेताना पाच प्रश्न विचारा. एक, वाहकाच्या ताब्यात असताना, म्हणजे ट्रेन, बस, टेम्पोत असताना झालेलं नुकसान धरतात का? दोन, कुलूप कोणत्या प्रकारचं हवं आणि सायकल नजरेआड असेल तर चालतं का? तीन, वर्षागणिक किंमत किती घटवतात? चार, प्रत्येक दाव्यात पहिले किती रुपये माझ्या खिशातून? पाच, शर्यत किंवा स्पर्धा वगळली आहे का, आणि ब्रेव्हेसारखी वेळेची राइड त्यात मोडते का? उत्तरं फोनवर नको, ईमेलवर मागा.

फक्त एका प्रवासापुरतं संरक्षण हवं असेल, तर मालवाहतुकीचा ट्रान्झिट विमा नावाचा प्रकार असतो. तो प्रामुख्याने व्यापाऱ्यांसाठी आहे, एकट्या सायकलसाठी द्यायला कंपनी तयार होईलच असं नाही. पण दहा-बारा जणांचा ग्रुप एकत्र सायकली पाठवत असेल, तर एजंटला विचारून बघायला हरकत नाही. अपुऱ्या पॅकिंगचं नुकसान मात्र तिथेही वगळलेलं असतं. चादर आणि सुतळी कुणालाच चालत नाही!

आणि सायकल चालवणाऱ्याचं काय? बँक खातं असेल आणि वय १८ ते ७० मध्ये असेल, तर प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना बघा. वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. रस्त्यावर सायकलवर असतानाचा अपघातही त्यात येतो. रक्कम मोठी नाही, पण २० रुपयांत एवढं दुसरं काय मिळतं?

नुकसान झालंच तर

आता माझी तिसरी चूक, सहीची.

खोका फाटलेला दिसतोय, दोरी सुटलेली आहे, आतून खुळखुळ आवाज येतोय? सही करू नका. ‘ओपन डिलिव्हरी’ मागा. हा शब्द पाठ करून ठेवा. कलम ८१ प्रमाणे माल खराब अवस्थेत आला असेल किंवा कुणी छेडछाड केल्याची खूण दिसत असेल आणि तुम्ही मागणी केली, तर रेल्वेला तो तुमच्यासमोर उघडून द्यावा लागतो. उघडल्यावर काय मोडलंय त्याची लेखी नोंद होते. त्या कागदाशिवाय पुढचं सगळं ‘तुम्ही म्हणताय, आम्ही म्हणतोय’ असं होऊन बसतं. माझं तेच झालं. सहीनंतर घरी काढलेला फोटो फक्त एवढंच सांगतो की सायकल माझ्या घरात मोडलेली होती.

तिथे आवाज चढवायची गरज नाही. पार्सल ऑफिसातल्या माणसाने तुमची सायकल मोडलेली नसते, तो फक्त त्या दिवशी त्या खुर्चीवर असतो. ‘साहेब, ओपन डिलिव्हरी करून हवी आहे, अर्ज कुठे देऊ?’ एवढं पुरतं.

पुढची पायरी दावा. कलम १०६ प्रमाणे माल सोपवल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत रेल्वे प्रशासनाला लेखी नोटीस गेली पाहिजे. पोचल्याच्या तारखेपासून नाही, सोपवल्याच्या. सोबत पावती, ओपन डिलिव्हरीचा कागद, सायकलचं बिल, दुरुस्तीचं बिल, फोटो. तिथे समाधान झालं नाही, तर रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. त्याची खंडपीठं मुंबईला आहे आणि नागपूरलाही. तिथे जायची मुदत सोपवल्यापासून तीन वर्षं.

चोरी झाली असेल तर गोष्ट पोलिसांची. चालत्या गाडीतही टीटीई, गार्ड किंवा सुरक्षा दलाकडे तक्रारीचा फॉर्म मिळतो, १३९ वर फोन करता येतो, आणि महाराष्ट्रात गुन्हा नोंदवतात ते लोहमार्ग पोलीस. विमा कंपनीही हीच कागदपत्रं मागते. एवढंच नाही, सायकल वाहकाच्या ताब्यात असताना मोडली असेल, तर ‘तुम्ही रेल्वेकडे वेळेत दावा केलात का?’ हा विमा कंपनीचा पहिला प्रश्न असू शकतो. म्हणून विमा आहे म्हणून रेल्वेची नोटीस टाळू नका.

विमा कंपनीने दावा फेटाळला, तर आधी त्यांच्याच तक्रार कक्षाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही.

वाद: नियमच बदलायला हवा का?

हा भाग रेकॉर्ड करताना माझ्यासोबत दोघं जण होते आणि इथे आमचं खरंच वाजलं.

पहिल्याचं म्हणणं: शंभर रुपये किलो हा आकडा १९९० च्या नियमांतला आहे. तेव्हाचे शंभर आणि आजचे शंभर एक आहेत का? रेल्वे अपघातातल्या मृत्यूची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख केली, म्हणजे आकडे बदलता येतात. मग सामानाचा का नाही? आणि युरोपात बघा, तो म्हणाला. युरोपियन संघाच्या २०२१ च्या रेल्वे प्रवासी हक्कांच्या नियमात, नव्या किंवा मोठी दुरुस्ती होणाऱ्या गाड्यांमध्ये किमान चार सायकलींची जागा ठेवायची तरतूद आहे. आपल्याकडे कोची मेट्रोने २०२० मध्ये डब्यात सायकल न्यायला परवानगी दिली. म्हणजे जमतं.

दुसरी म्हणाली, ‘अरे, तू कधी जनरल डब्यातून गेलायस का? माणसाला एका पायावर उभं राहायला जागा नाही आणि तुला सायकलला हुक हवाय.’ तिचा पुढचा मुद्दा जास्त टोकदार होता. किंमत न सांगता कुणालाही पूर्ण भरपाई द्यायची ठरवली, तर तो खर्च भाड्यात जाणार. म्हणजे कांद्याची पिशवी, शिवणयंत्र, गावाकडे पाठवायची जुनी सायकल बुक करणाऱ्यानेही तुझ्या कार्बन फ्रेमचे पैसे भरायचे. ज्याची वस्तू महाग त्याने किंमत सांगावी आणि त्याचं शुल्क भरावं, यात अन्याय काय?

मी बराच वेळ गप्प होतो, कारण दोघंही मला पटत होते. शेवटी मला वाटतं ते असं. किंमत जाहीर करण्याची पद्धत न्याय्य आहे, ती काढून टाकू नये. पण न जाहीर केलेल्या मालाची किमान मर्यादा महागाईसोबत वाढली पाहिजे. कारण त्या मर्यादेचा फटका मला कमी बसतो. मी निदान वाचू शकतो, ईमेल लिहू शकतो. तो बसतो तो कामासाठी परगावी जाणाऱ्या माणसाला, जो आपली सहा हजारांची, रोज कामावर न्यायची सायकल पार्सलने पाठवतो आणि ज्याला ७५० हा आकडा कुणी कधी सांगितलेलाच नसतो.

आणि जागेचं म्हणाल, तर मला डब्यात हुक नकोय. ब्रेक व्हॅनमध्ये सायकल उभी बांधायला एक पट्टा आणि पावतीवर मराठीत ठळक एक ओळ: ‘किंमत जाहीर न केल्यास भरपाई किलोमागे इतकीच.’ एवढं झालं तरी निम्मे वाद मिटतील. ती ओळ मी वाचली असती, तर ‘राहू द्या साहेब’ म्हणण्याआधी नक्की थांबलो असतो.

जाता जाता, स्क्रीनशॉटसाठी

तिकीट काढण्याआधी: त्या गाडीला सामानाचा डबा आहे का, थांबा किती मिनिटांचा, जागा मिळेल का, हे पार्सल ऑफिसात विचारा.

घरी: बिल, फ्रेम नंबर आणि पॅकिंगचे फोटो फोनमध्ये एका फोल्डरमध्ये. तोच फोल्डर घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा.

खिडकीवर: त्याच गाडीने येणार असाल तर ‘लगेज’ म्हणा. किंमत जाहीर करायची का ते शुल्क विचारून ठरवा. पावती घेतल्याशिवाय सायकल सोडू नका.

उतरल्यावर: आधी बघा, मग सही. शंका आली की ओपन डिलिव्हरी.

नुकसान झाल्यास: सोपवल्यापासून सहा महिन्यांत नोटीस. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा.

माझी सायकल आता ठीक आहे. मागच्या चाकाचा हलकासा टक-टक आवाज मात्र राहिलाय, काकांनी तीनदा ट्रू करूनही. गेल्या राइडला ती पुन्हा ट्रेनने आणली. खोक्यात, डिरेलर काढून, किंमत टाकून. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, ‘सायकलचे एवढे पैसे?’ मी म्हटलं, ‘हो ताई, हप्ते आत्ताच फिटलेत.’ त्या हसल्या आणि रकाना भरला.

तुमचा अनुभव आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. भरपाई मिळाली असेल तर नक्कीच, आणि किती दिवसांनी ते सांगा. नसेल मिळाली तर कुठल्या पायरीवर अडलं ते सांगा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकूया. तोवर हेल्मेट घाला, सावकाश चालवा, आणि सही करण्याआधी वाचा. भेटूया!